तुला काय लागतं?

परदेशी शिक्षणाची चौकशी करायला येणारी मुलं ठरावीक तीन गोष्टी विचारतात: प्रवेश कुठे मिळेल, खर्च किती येईल आणि पुढे नोकरीचं काय. अपंग मुलांचे आई-वडील चौथी विचारतात, तीही मुलाला काहीतरी निमित्त काढून बाहेर पाठवल्यावर. "मॅडम, फॉर्मात हे लिहायचं का हो?" 'हे' म्हणजे काय, ते त्या खोलीत सहसा कुणी उच्चारत नाही. माझ्या डाव्या पायात कॅलिपर आहे, लहानपणीच्या पोलिओची मेहेरबानी. टेबलामागे बसलेली असताना तो दिसत नाही. फाइल काढायला कपाटाकडे गेले की समोरच्या आईचा चेहरा जरा सैल होतो आणि मग खरी चौकशी सुरू होते.

पुण्यात मी हे काम बरीच वर्षं करते आहे. आधी एका मोठ्या सल्लागार कंपनीत होते. तिचं ऑफिस टिळक रस्त्यावर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टचा पत्ता नाही. व्हीलचेअरवरचा मुलगा आला की मीच खटखट करत खाली उतरायचे आणि शेजारच्या अमृततुल्यात आमची बैठक व्हायची. मालकांना त्यात काही वावगं वाटत नसे. "असे येतात किती, मॅडम?" हे त्यांचं उत्तर. दोन जिने चढू न शकणारे येणार कसे, याचा त्यांनी विचार केला नव्हता. आता माझी दोन खोल्यांची जागा तळमजल्यावर आहे, आणि 'असे' पुष्कळ येतात.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट पालकांना ठाऊक असलेली बरी. बऱ्याच सल्लागारांचं कमिशन विद्यापीठाकडून येतं, प्रवेश पक्का झाल्यावर. त्यामुळे फाइल जितकी सरळ, तितकी ती लवकर पैसे देते. ज्या मुलासाठी विद्यापीठाच्या अपंगत्व कार्यालयाशी महिनाभर पत्रव्यवहार करायचा, वसतिगृहातल्या बाथरूमचे फोटो मागवायचे, तो मुलगा या गणितात बसत नाही. मग "लिहू नका, उगाच रिजेक्ट व्हाल" असं सर्रास सांगितलं जातं. यात सोय बघितली जाते ती सल्ला देणाऱ्याची.

इंग्लंडात २०१० चा समानता कायदा आहे, अमेरिकेत १९७३ च्या पुनर्वसन कायद्याचं ५०४ वं कलम आणि १९९० चा अपंगांचा कायदा. अभ्यासक्रमाला लागणारी पात्रता असेल तर केवळ अपंगत्वावरून नकार देता येत नाही. अमेरिकेत तर प्रवेशाआधी तसं विचारणंसुद्धा सर्वसाधारणपणे निषिद्ध आहे. प्रवेश ठरवणारे वेगळे, सोयी बघणारं कार्यालय वेगळं. प्राध्यापकाच्या हाती पडतं ते फक्त 'या विद्यार्थ्याला परीक्षेत दीडपट वेळ द्यावा' असं पत्र; आजाराचं नाव त्यात नसतं. म्हणून मी सांगते, लिहा. कधी लिहायचं, ते मात्र देशाप्रमाणे ठरवा. अमेरिकेत प्रवेशपत्र हाती आल्यावर कळवलं तरी चालतं. इंग्लंडात आधीच कळवलेलं बरं, कारण व्हीलचेअर जाईल अशा खोल्या मोजक्या असतात आणि त्या लवकर संपतात. नर्सिंगसारख्या अभ्यासक्रमांत शारीरिक क्षमतेची वेगळी तपासणी असते, तिथे लपवाछपवीला जागाच नाही.

इतकं सांगून होतं आणि तरी काम पुढे सरकत नाही, कारण खरी अडचण पुढच्याच फॉर्ममध्ये असते. तिथे एक मोठा रिकामा चौकोन असतो आणि वर साधा प्रश्न: तुम्हाला कोणकोणत्या गोष्टींची गरज आहे?

आपल्या मुलांना हा प्रश्न तोवर कुणी विचारलेला नसतो. आपल्याकडे सगळं टक्क्यांवर चालतं. २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले हे चांगलंच झालं, पण सवलतींचा उंबरठा राहिला ४० टक्क्यांचा. सिव्हिल हॉस्पिटलात रांग लावायची, बोर्डासमोर उभं राहायचं, ओळखपत्र घ्यायचं. पुढे एसटीची सवलत, राखीव जागा, शिष्यवृत्ती, परीक्षेत तासाला वीस मिनिटं जादा, सगळं त्या आकड्याच्या मागे मुकाट चालत येतं. आकडा दाखवला की काम झालं. तोंड उघडावं लागत नाही. त्यामुळे चांगली हुशार, गुणवत्ता यादीत आलेली मुलं त्या चौकोनात लिहितात, 'लोकोमोटर डिसॅबिलिटी, ७२ टक्के'. तिकडचा अधिकारी ते वाचतो आणि नम्रपणे परत विचारतो, की म्हणजे काय लागेल? ७२ टक्क्यांना रॅम्प लागतो की कमी उंचीचं टेबल, की नुसता एक तासाऐवजी दीड तास, हे त्याला त्या आकड्यावरून कसं कळावं?

यावर माझा एक उपाय आहे, फार हुशारीचा नाही. एक दोनशे पानी वही देते आणि सांगते, आठवडाभर सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत जिथे जिथे दुसऱ्याचा हात लागला, तिथे तिथे नोंद कर. सांगलीचा एक मुलगा होता. अपघातात मणक्याला इजा, कमरेखाली संवेदना नाही, इंजिनिअरिंगला पहिल्या वर्गात पास. वही परत आली ती जवळपास कोरी. "मी सगळं स्वतःचं स्वतः करतो, मॅडम." आई शेजारी बसली होती. ती खाली बघतच म्हणाली, "हो, करतो की. फक्त गिझरचं पाणी बादलीत काढून मी स्टुलाजवळ ठेवते." मग हळूहळू एकेक निघत गेलं. रात्री कूस बदलायला वडील गजर लावून उठतात. खाली पडलेला चार्जर धाकटा भाऊ देतो. कॉलेजात प्रयोगशाळेचा उंबरठा ओलांडायला दोन मित्र होते, ते व्हीलचेअर उचलायचे, आणि ते इतके सवयीचे झाले होते की ही मदत आहे हेच तो विसरला होता. मुलगा खोटं बोलत नव्हता. घरानं त्याच्याभोवती अशी घडी बसवली होती की त्यातले लोक त्याला दिसतच नव्हते.

त्याच वहीतून पुढची यादी तयार झाली. बाथटब नको, चाकाची खुर्ची थेट आत जाईल असं शॉवर हवं. बाथटबच्या काठावरून आत उतरणं कमरेखाली ताकद नसलेल्या माणसाला जवळपास अशक्य. आणि आपल्याकडचे पालक 'अटॅच्ड बाथरूम आहे' एवढ्यावर खूश होतात. पलंगाची उंची खुर्चीच्या बैठकीइतकी. दाराची रुंदी: अमेरिकी नियमाप्रमाणे मोकळी जागा किमान ३२ इंच, आणि आमच्या मुलाची खुर्ची हाताच्या कोपरांसकट मोजली तेव्हा २७ इंच भरली, म्हणजे निभावलं. दाबानं होणाऱ्या जखमा टाळणारी गादी. आणि आग लागली तर काय, याचं उत्तर. आग लागल्यावर लिफ्ट वापरायची नसते. चौथ्या मजल्यावरची लखलखीत खोली त्या क्षणी काय कामाची? इंग्लंडात प्रत्येक अशा विद्यार्थ्यासाठी बाहेर पडण्याची वैयक्तिक योजना लेखी करून घेता येते, पण ती मागावी लागते. कर्णबधिर मुलांना उशीखाली थरथरणारा आणि दिवा उघडझाप करणारा अलार्म मिळतो, तोही मागितल्यावरच.

डॉक्टरांच्या पत्राचा भाग हा स्वतंत्र सोहळा. आपले डॉक्टर कामाच्या रगाड्यात असतात. लेटरहेडवर 'धिस इज टू सर्टिफाय' लिहून दोन ओळींत मोकळे होतात. निदान, टक्केवारी, सही, शिक्का. तिकडे या पत्रातून हवं असतं ते वेगळंच: या स्थितीचा अभ्यासावर परिणाम काय होतो? आता मी मुलालाच कच्चा मसुदा लिहायला लावते, 'एका जागी वीस मिनिटांपेक्षा जास्त उभं राहता येत नाही, सलग अर्धा तास लिहिलं की बोटं आखडतात, त्यामुळे प्रयोगशाळेत उंच स्टूल आणि परीक्षेत संगणक लागेल', आणि तो घेऊन डॉक्टरांकडे पाठवते. बहुतेक डॉक्टर वाचून, एखादा शब्द बदलून सही करतात. एका सरकारी डॉक्टरांनी मात्र मुलीला समोर बसवून तासभर प्रश्न विचारले आणि तिला स्वतःलाच ठाऊक नसलेल्या दोन गोष्टी पत्रात घातल्या. वाचनदोष किंवा लक्ष न टिकण्याचा त्रास असलेल्या मुलांचं शाळेतलं जुनं प्रमाणपत्र मात्र तिकडे बहुधा चालत नाही. नव्यानं, मोठ्या वयासाठीच्या चाचण्या करून घ्याव्या लागतात. हे पालकांना सांगितलं की ते गडबडतात, कारण दहावीनंतर 'ते संपलं' असं त्यांनी नातेवाइकांना सांगून टाकलेलं असतं.

अंध मुलांच्या बाबतीत अडचण निराळ्या जागी असते आणि ती आपल्या पद्धतीनंच तयार केलेली आहे. दहावीपासून पदवीपर्यंत परीक्षा लेखनिकाच्या हातानं. परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत लेखनिक शोधणं, तो मिळाला तर त्याला 'इकॉनॉमिक्स'चं स्पेलिंग येतं का हे बघणं, ही पुण्यातल्या दृष्टिहीन मुलांची दरवर्षीची धावपळ. मुलं तोंडी उत्तर सांगण्यात इतकी तयार होतात की ऐकत राहावं. पण लातूरच्या एका मुलाला मी म्हटलं, "हेच मला टाईप करून पाठव," तेव्हा दोन दिवसांनी जे आलं ते पाहून तोच हिरमुसला. परिच्छेद नाहीत, स्वल्पविराम नाहीत, आणि स्पेलिंगं कानाला बरोबर, डोळ्याला चूक. त्यात नवल नाही. स्क्रीन रीडर शब्द वाचून दाखवतो, मागितल्याशिवाय अक्षरं दाखवत नाही, आणि ही मुलं तो अशा वेगानं ऐकतात की आपल्याला नुसता गुंजारव कळतो. तिकडे लेखनिक मागता येतो, पण तीन हजार शब्दांचा निबंध संदर्भांसकट स्वतःच रचायचा असतो. मग सहा महिने त्यानं फक्त टंकलेखन आणि अक्षर-अक्षर ऐकत दुरुस्ती एवढंच केलं. साधन फुकटचं होतं. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ साली सुरू केला, तो आजही कुणालाही मोफत मिळतो.

लातूरच्या त्या मुलाला संख्याशास्त्र घ्यायचं होतं. "अंधांना गणित कुठलं," असं त्याला शाळेत सांगून झालं होतं. आंध्रच्या श्रीकांत बोल्लांना अकरावीला विज्ञान मिळवण्यासाठी न्यायालयात जावं लागलं आणि पुढे ते एमआयटीत शिकले, ही गोष्ट आता सिनेमामुळे सगळ्यांना माहीत आहे. पण एका श्रीकांतवर पालकांचं समाधान होत नाही. मी त्याला न्यूझीलंडच्या जोनाथन गॉडफ्री यांचं काम दाखवलं. ते स्वतः अंध, संख्याशास्त्रज्ञ, आणि 'आर' या संख्याशास्त्रीय संगणक प्रणालीतले आलेख शब्दांत वर्णन करून सांगणारं पॅकेज त्यांनी लिहिलं आहे. आलेख डोळ्यांनी बघावा लागतो ही आपली समजूत तिथे निकालात निघते. पुस्तकांची अडचणही पूर्वीइतकी उरलेली नाही. छापील पुस्तकाची अंधांना वाचता येईल अशी प्रत देशोदेशी पाठवता यावी म्हणून २०१३ मध्ये माराकेश करार झाला. तो मान्य करणारा पहिला देश भारत. आपण कशात पहिले आलो हे आपल्याला बऱ्याचदा ठाऊक नसतं. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमधल्या केंद्रानं दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी वर्षानुवर्षं केलेलं काम तर आमच्यासारख्यांना शाळेसारखं उपयोगी पडलं.

पण लातूरच्या मुलाची सगळ्यात मोठी भीती निबंधाची नव्हती, रस्ता ओलांडण्याची होती. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात, म्हणजे फुटपाथवरून उतरताना पहिला धोका उजवीकडून. त्याच्या कानाला तीच सवय. अमेरिकेत ते उलटं: आधी डावीकडचं ऐकायचं. (पुण्यात दोन्हीकडून एकदम येतात हे सोडा.) ऐकण्याची बाजू बदलणं हे डोळसांना वाटतं तितकं किरकोळ नाही, जन्मभराचं अंगवळण मोडायचं असतं. शिवाय इथे तो रस्ते आवाजावर आणि वासावर ओळखायचा. वडापावचा घाणा, रिक्षा स्टँड, चांभाराची हातोडी. तिकडच्या उपनगरी रस्त्यावर असलं काहीही नसतं, आणि बर्फ पडला की काठीला फुटपाथची कडही लागत नाही, आवाजही दबतो. शेवटी त्यानं इंग्लंड निवडलं. कारणं अभ्यासाची होती, पण वाहनांची बाजू हेही एक कारण होतं असं तो मोकळेपणानं सांगतो. तिथल्या सिग्नलच्या खांबावर बटणाच्या डबीखाली खाचा असलेला एक छोटा शंकू असतो. माणसांसाठी हिरवा दिवा लागला की तो बोटाखाली गरगर फिरतो. हे त्याला इथूनच सांगून ठेवलं होतं. पोहोचल्यावर त्याचा पहिला निरोप आला, "ताई, फिरतो!" आई-वडिलांना फोन त्यानंतर गेला.

आता पैशांचं. इथे पालकांची समजूत अशी असते, की तिकडे सगळं सरकार करतं. विद्यापीठ तुम्हाला सोयी देईल, परीक्षेला वेळ देईल, सांकेतिक भाषेचा दुभाषा देईल. पण सकाळी अंघोळ घालणारा, कपडे चढवणारा मदतनीस देईलच असं नाही. अमेरिकी नियमात स्पष्टच म्हटलं आहे, की वैयक्तिक मदतनीस आणि वैयक्तिक वापराची साधनं पुरवणं ही विद्यापीठाची जबाबदारी नाही. स्थानिक विद्यार्थ्याला त्यासाठी सरकारी योजना असतात. परदेशी विद्यार्थ्याला त्यांची दारं बंद. इंग्लंडातल्या सरकारी अपंग विद्यार्थी भत्त्याचंही तेच, आणि विद्यार्थी व्हिसाच्या अटींतच सार्वजनिक मदतनिधीवर हक्क नसल्याचं असतं. ज्याला रोज दोन-तीन तास दुसऱ्याचा हात लागतो, त्याच्यासाठी तिथल्या तासाच्या मजुरीनं गुणाकार केला की फीइतकाच खर्च निघू शकतो. हे मी पहिल्याच भेटीत सांगते. काही जण परत येत नाहीत. सांगलीचा मुलगा आला. रात्री गजराशिवाय स्वतः कूस बदलायची, पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून शॉवरच्या स्टुलावर एकट्यानं सरकायचं, हे त्यानं एका पुनर्वसन केंद्रात राहून शिकून घेतलं. त्यात जवळपास एक वर्ष गेलं. त्या वर्षाला नातेवाईक 'गॅप' म्हणतात.

केंद्र सरकारची अपंग विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिष्यवृत्ती आहे, पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी, ४० टक्क्यांची अट घालून. अख्ख्या देशातून वर्षाला २० जागा. आमच्या एकट्या पुण्यात तेवढे लायक अर्जदार निघतील. अमेरिकेत जाणाऱ्यांना मी यूजीन शहरातल्या मोबिलिटी इंटरनॅशनल या संस्थेची माहिती वाचायला लावते. १९८१ पासून ती अपंगांच्या परदेशी शिक्षणाचं काम करते आणि तिथे आधी जाऊन आलेल्यांचे अनुभव असतात. आणि कुणी फारच हिरमुसला, तर बर्कले विद्यापीठाची गोष्ट. १९६२ मध्ये एड रॉबर्ट्स तिथे शिकायला आला. पोलिओनं मानेखालचं जवळपास सगळं शरीर गेलेलं, रात्री श्वासासाठी लोखंडी पेटीसारखं अवजड यंत्र. ते यंत्र ठेवायला वसतिगृहात जागा नव्हती, म्हणून विद्यापीठानं त्याची सोय कॅम्पसमधल्या इस्पितळात केली. मागून आणखी तसे विद्यार्थी आले, त्यांनी एकमेकांच्या गरजा मांडायला सुरुवात केली, भांडले, आणि १९७२ मध्ये स्वतंत्र जगण्याचं पहिलं केंद्र त्यातूनच उभं राहिलं. तिकडच्या सोयींची पूर्वपीठिका ही अशी आहे. पण मानेखाली लुळ्या पडलेल्या मुलाच्या वडिलांना ही गोष्ट सांगताना माझाही आवाज जरा खाली येतो. मदतनिसाचा तासाचा दर त्या गोष्टीनं कमी होत नाही.

वर्ध्याची एक मुलगी आली, तिच्याकडे बघून काही कळण्याजोगं नव्हतं. चालते, पळते, नाचते. सिकलसेल, एसएस पॅटर्न. विदर्भात हा शब्द घराघरात माहीत आहे, पुण्यात सुशिक्षितांनाही समजावून सांगावा लागतो. रक्तातल्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि सांध्यांत, पाठीत असह्य कळा येतात. थंडी, पाणी कमी पडणं, दमणूक, यातलं काहीही निमित्त पुरतं. २०१६ च्या कायद्यात हा आजार अपंगत्वाच्या यादीत आला, पण तिच्या घरात तसं कुणी मानत नव्हतं. वडील शाळेत शिक्षक. त्यांचा एकच प्रश्न होता: "तिकडची थंडी पोरीले सोसंल का हो मॅडम?"

तिला प्रवेश दोन ठिकाणी मिळाला होता, ग्लासगो आणि लंडन. स्कॉटलंडमध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं फुकट मिळतात. इंग्लंडात प्रत्येक औषधामागे ९ पौंड ९० पेन्स, आणि ज्या आजारांना त्यातून सूट आहे त्यांच्या यादीत सिकलसेल नाही. पण ग्लासगोची थंडी आणि ओल! शिवाय लंडनमध्ये आफ्रिकी-कॅरिबियन लोकवस्ती मोठी, त्यामुळे तिथल्या मोठ्या इस्पितळांना सिकलसेल नवा नाही. कळ घेऊन दाखल झालेल्या मुलीला 'नाटक करते' असं ऐकावं लागण्याची शक्यता तिथे कमी. हे शेवटचं तिच्या वडिलांना लगेच पटलं. नागपूरच्या एका रुग्णालयातला कटू अनुभव त्यांच्या गाठीशी होता. लंडन ठरलं.

तिच्या यादीत रॅम्प नव्हता. खोलीतला हीटर स्वतःच्या हातात हवा, इमारतीच्या मध्यवर्ती नियंत्रणावर चालणारा नको. वीज-गॅसचं बिल भाड्यातच धरलेलं वसतिगृह हवं, कारण बाहेर घर घेऊन बिलाच्या भीतीनं हीटर बंद ठेवणारी मुलं मला ठाऊक आहेत. परीक्षेत पाण्याची बाटली आणि मधेच थांबायची मुभा. कळ आली तर निबंधाची मुदत वाढवून मिळावी, त्यासाठी दर वेळी नवं प्रमाणपत्र नको. तासांचं ध्वनिमुद्रण. सगळं मिळालं. व्हिसाबरोबर विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरावा लागतो, तो भरला की आधीपासूनच्या आजारासाठीही सरकारी दवाखाना खुला असतो. इथून घेतलेल्या स्वस्तातल्या प्रवास विम्यात नेमका आधीचा आजार बहुधा वगळलेला असतो, ते कलम बारीक टायपात शेवटच्या पानांवर सापडतं. औषधाच्या चिठ्ठीवर कंपनीचं नाव न लिहिता मूळ औषधाचं लिहून घेतलं. ज्याला आपण हायड्रॉक्सीयुरिया म्हणतो ते तिकडे हायड्रॉक्सीकार्बामाइड म्हणून मिळतं, हेही तिच्या वहीत टिपलं.

विमानाचं थोडक्यात सांगते, कारण तो एक वेगळा लेख होईल. विजेवर चालणाऱ्या खुर्चीची लिथियम बॅटरी निघणारी असेल तर ती ३०० वॉट-तासांपर्यंत चालते आणि काढून केबिनमध्ये स्वतःजवळ ठेवावी लागते. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास एवढंच गणित. २४ व्होल्ट, १० अँपिअर-तास म्हणजे २४०. ते बॅटरीवर छापलेलं नसेल तर काउंटरवरचा माणूस तुमचा शब्द मानत नाही, म्हणून माहितीपुस्तिकेच्या त्या पानाची प्रत खिशात ठेवायची. मदत लागणार हे किमान ४८ तास आधी कळवायचं. खुर्चीची उशी आणि जॉयस्टिक काढून हातात घ्यायची, बाकीचा सांगाडा विमानाच्या पोटात काय भोगेल ते सांगता येत नाही. आणि सांगलीच्या मुलानं जे केलं ते कुणी करू नये: विमानात शौचालयापर्यंत जाता येईल की नाही या धास्तीनं त्यानं आदल्या संध्याकाळपासून पाणीच प्यायलं नव्हतं. अशी मुलं पुष्कळ आहेत, फक्त सांगत नाहीत. जीजा घोष यांना सेरेब्रल पाल्सी आहे म्हणून २०१२ मध्ये एका विमान कंपनीनं उतरवलं होतं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना दहा लाख रुपये भरपाई द्यायला लावली. त्या निकालाबद्दल मी प्रत्येकाला निघण्याआधी सांगते, विमानतळावर ताठ बसता यावं म्हणून.

वर्ध्याच्या त्या मुलीचं पहिलं वर्ष पार पडलं. दोनदा इस्पितळात जावं लागलं, एकदा परीक्षेच्या तोंडावर. मुदत वाढवून मिळाली. हल्ली विदर्भातून कुणी पालक आले आणि माझं बोलणं त्यांच्या गळी उतरेना, की मी तिच्या वडिलांना फोन लावते आणि स्पीकरवर टाकते. ते माझ्याइतका कायदा सांगत बसत नाहीत. सुरुवात करतात ती थर्मलच्या कपड्यांपासून: इथून घेऊन जाऊ नका, इथले कामाचे नाहीत, तिकडं घ्या, दोन जोड. मग पाण्याची बाटली, मग हीटर. मग समोरच्यांना विचारतात, पोरगी जवळ आहे का तुमच्या? असेल तर तिच्या हाती फोन द्या, तुम्ही जरा बाहेर बसा.